विश्लेषण : इंजिनीअरिंगसाठी परराज्यात जाणं परवडतं का?

एप्रिल-मे महिन्यात अनेक घरांत एकच प्रसंग घडतो. तमिळनाडू किंवा कर्नाटकातल्या एखाद्या खासगी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो, सीट मिळाल्याचा मेल येतो आणि ती राखायला काही दिवसांत मोठी रक्कम भरायला सांगितलं जातं. महाराष्ट्रातली ‘कॅप’ फेरी तोवर सुरूही झालेली नसते. मग ‘हातची सीट जायला नको’ म्हणून पैसे भरले जातात. घरातला एवढा मोठा खर्च असा घाईत ठरावा, हे मला पटत नाही.

परराज्य म्हणजे महागच, असं मात्र नाही. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या आणि निम्म्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना मिळतात, पण ट्यूशन फी दोघांनाही सारखीच, वर्षाला सव्वा लाख. नागपूरच्या व्हीएनआयटीत जेवढी, तेवढीच सुरतकल किंवा वारंगळला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश फी माफ होते, त्याहून कमी असेल तर पूर्ण. ब्रँच मनासारखी मिळत असेल तर तिथे बिनधास्त जावं.

खरा फरक कुठे पडतो?

खासगी विद्यापीठात. कॅपमधून राज्यातल्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी सुटते. ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींना तर २०२४-२५पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. बाहेर गेलात की ही सवलत गेली. (पुण्यातल्या अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ती लागू नाही, हे अनेकांना प्रवेशानंतर कळतं.) म्हणजे तुलना दोन कॉलेजांच्या छापील फीची नसतेच. एका बाजूला सवलत वजा करून उरलेली फी आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण फी, शिवाय होस्टेल, मेस.

समजा, बाहेर सगळं मिळून वर्षाला साडेचार लाख लागतात. चार वर्षांचे १८ लाख. त्यातले १० लाख कर्ज काढलं, तर १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण १३,२०० रुपये. शिकत असतानाचं व्याज भरलं नाही तर तो आणखी वाढतो. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत फ्रेशरला साडेतीन लाखांच्या आसपास पॅकेज मिळतं. म्हणजे हातात येणारा जवळपास निम्मा पगार बँकेत.

‘पण तिथे प्लेसमेंट चांगली आहे ना!’ असेलही. फक्त जाहिरातीतलं सर्वाधिक पॅकेज पाहू नका. एनआयआरएफमध्ये भाग घेणारी संस्था किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, ही माहिती देते. ती वेबसाइटवर उपलब्ध असते. तो मध्यक तुमच्या शहरातल्या कॉलेजपेक्षा बराच वर असेल, किंवा रँक चांगली असल्याने कमी फीच्या गटात जागा मिळत असेल, तर बाहेर जाण्यात अर्थ आहे. केवळ कॅम्पस देखणा आहे म्हणून नाही.

तरीही सीट राखायचीच असेल, तर पैसे भरण्याआधी परतावा कोणत्या तारखेपर्यंत आणि किती रक्कम कापून मिळतो, ते वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. कॅपची पहिली यादी त्या तारखेच्या आधी लागणार आहे की नंतर, हेही वेळापत्रकात पाहून घ्या.