पोर बिघडण्याआधी कायद्याने गावात यावे

विहिरीवरची केबल कापली, मोटार उचलली, ठिबकच्या नळ्या नेल्या, अशा तक्रारी गावोगावी ऐकू येतात. ऐन पाण्याच्या पाळीला मोटार गेली की उभं पीक करपतं, म्हणून शेतकऱ्याचा संताप खरा आहे. पण सापडलेला चोर कधी कधी पंधरा-सोळा वर्षांचा, शाळा सुटलेला पोरगा निघतो. मग चावडीवर झोडपायचं, नाहीतर आपल्याच गावचा म्हणून सोडून द्यायचं. दोन्हींनी पोर सुधारत नाही.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत डांबता येत नाही. ताब्यात घेतल्यास चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांची, त्यामुळे ती किरकोळ गुन्ह्यात मोडते. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवेचं काम लावू शकतं, आईबापांच्या ताब्यात देऊन देखरेख ठेवू शकतं. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढ. त्यातही किरकोळ प्रकरण निकाली निघालं नाही, तर ते बंद होतं. म्हणजे पोराला वळणही लागत नाही आणि शेतकऱ्याचं समाधानही होत नाही.

बोंडअळी बोंडात शिरल्यावर फवारा मारून उपयोग नसतो, हे कापूसवाल्यांना सांगायला नको. पोराचंही तसंच. शाळेतली गैरहजेरी, व्यसनी सोबत, हातात आलेला बिनहिशेबी पैसा ही पहिली लक्षणं गावालाच दिसतात, जिल्ह्याच्या मंडळाला नाही.

अशी प्रकरणं शक्यतो कोर्टकचेरीबाहेर हाताळावीत, हे तत्त्व कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. पण गावात ते कोणी, किती दिवसांत आणि कसं पार पाडायचं, याची वाट बांधून दिलेली नाही. तेव्हा कायद्यात दुरुस्ती हवी ती इथे. किरकोळ गुन्ह्यात ठरावीक मुदतीत मूल, पालक आणि नुकसान झालेला शेतकरी यांना समोरासमोर बसवावं, भरपाईचं ठरवावं, मुलाला शाळेत किंवा आयटीआयत घालावं आणि वर्षभर पाठपुरावा ठेवावा. त्यासाठी तालुक्याला परिवीक्षा अधिकारी हवा. मारहाणीचे किंवा अत्याचाराचे गंभीर गुन्हे मात्र मंडळाकडेच जावेत. ते गावात मिटवू नयेत.

केबलचं तांबं विकत घेणारा किंवा पोरांना पुढे करणारा मोठा माणूस सुटता कामा नये. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्यास कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. तक्रार देताना हे कलम पोलिसांच्या कानावर घालावं.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समिती बऱ्याच ठिकाणी कागदावरच आहे. सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक आणि अंगणवाडीताईंनी तिची बैठक लावावी आणि शाळा सोडलेल्या मुलांची यादी करावी. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा फुकट क्रमांक आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि कायदा दुरुस्तीचा ठराव आमदार-खासदारांकडे पाठवावा.