संकोचाची किंमत

कर्करोग म्हटला की तंबाखू, विडी वा मद्य यांच्याकडे बोट दाखविण्याची सवय समाजाला जडली आहे. वृषणाच्या कर्करोगास हा न्याय लागू पडत नाही. तो प्रामुख्याने पंधरा ते चाळीस या वयातील तरुणांना गाठतो आणि त्याचे बीज बहुधा गर्भावस्थेतच पडलेले असते. खेळातला मार किंवा तारुण्यातील ‘वाईट सवयी’ त्याला कारण होतात, हा समज निराधार आहे.

कारणांपैकी सर्वांत स्पष्ट म्हणजे जन्मतः वृषण अंडकोशात न उतरणे. अशा दोषासाठी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १७ हजार पुरुषांची स्वीडनमधील पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तेराव्या वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांना धोका इतरांच्या सुमारे दुप्पट, तर नंतर झालेल्यांना पाचपटींहून अधिक, असे तीत आढळले. पित्याला वा भावाला हा रोग झाला असल्यासही धोका वाढतो.

भारतात हा रोग विरळा. म्हणूनच त्याविषयी बेसावधपणा अधिक. १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिन या औषधाला मान्यता मिळाल्यापासून पसरलेला रोगही पुष्कळदा बरा होतो. तरीही न दुखणारी गाठ लाजेपोटी लपविली जाते.

सहा महिन्यांच्या बालकाचे वृषण उतरले नसल्यास त्याला शल्यचिकित्सकाला दाखविणे, हे पालकांचे कर्तव्य. मुलांना शरीराविषयी निःसंकोच बोलावयास शिकविणे, हे शाळांचे. गर्भातील बीज कोणाच्या हाती नसते. संकोच मात्र सोडता येतो.