नाव विचारून पुस्तक सुचवू नका

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळांमध्ये मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढले जातात आणि मोठी माणसं ‘सध्या वाचतोय’ असं लिहून मुखपृष्ठं स्टेटसला ठेवतात. यात वाईट काही नाही. वर्षभर बिर्याणीचे आणि वरातीचे फोटो बघावे लागतात, तेव्हा एक दिवस पुस्तकांचे बघितलेले बरे. माझं भांडण त्या फोटोंशी नाही. वाचणारा माणूस दुसऱ्याला पुस्तक सुचवताना आधी त्याचं नाव बघतो आणि मग पुस्तक निवडतो, या सवयीशी माझं भांडण आहे. ही सवय दोन्हीकडे आहे, म्हणून आज दोन्हीकडच्यांना बोलणार आहे.

मी धाराशिव जिल्ह्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. वाचणारा मास्तर म्हणून थोडीफार ओळख आहे. मराठी वाचक मित्र भेटले की प्रेमाने पुस्तकं सुचवतात. वीस वर्षांतल्या या प्रेमाची यादी केली तर ती जेमतेम तीन ओळींची होते. हमीद दलवाईंचे वैचारिक लेख, कुराणाचा एखादा मराठी अनुवाद आणि फाळणीवरचं काहीतरी. तोच मित्र माझ्या शेजारी बसणाऱ्या शिक्षकाला उद्धव शेळक्यांची ‘धग’ देतो. मला कधी देत नाही. का? ‘धग’मधली कौतिक शिंप्याच्या घरातली आहे. गरिबीशी झगडत, पडलेला संसार एकटीने ओढणारी ती बाई आमच्या मोहल्ल्यात दर चौथ्या घरात शिलाई मशीनवर बसलेली असते. तिला ओळखायला मला कुणाचा अनुवाद लागत नाही. पण सुचवणाऱ्याच्या डोक्यात मी वाचक म्हणून नसतोच, मी त्याच्यासाठी एक प्रश्न असतो. प्रश्नाला वाचायला काय द्यायचं? प्रश्नाचं उत्तर असलेलं पुस्तक!

बरं, दलवाईंचंच नाव घ्यायचं तर त्यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ची आहे. कोकणातल्या एका गावाची, तिथल्या हिंदू-मुसलमान माणसांची, गाव पेटण्याआधी कसं तापत जातं त्याची ती गोष्ट आहे. मला दलवाई सुचवणाऱ्या किती जणांनी ‘इंधन’ वाचली असेल? मी विचारून बघितलंय. बहुतेकांना दलवाई कादंबरीकार होते हेच ठाऊक नसतं. त्यांना दलवाई हवे असतात ते मुसलमानांना ऐकवायला.

आता आपल्या घरात बघू. इथं चित्र याहून चांगलं असतं तर हा लेख निम्म्यातच संपला असता. दलवाईंचं नाव काढलं की ज्यांच्या कपाळावर आठी पडते, त्यांच्यापैकी किती जणांनी त्यांची एक ओळ वाचली आहे? तिकडे सुचवणारा न वाचता सुचवतो, इकडे नाकारणारा न वाचता नाकारतो. दोघांचं भांडण साठ वर्षं सुरू आहे आणि पुस्तक दोघांच्या मध्ये तसंच मिटलेलं पडलंय.

आमच्या जलशांत वाचनावर बोलायला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता सुरुवात पहिल्या वहीपासून करतो, वाचण्याच्या हुकुमापासून. टाळ्या पडतात, चहा होतो. मग त्याच मोहल्ल्यात दहावी झालेल्या मुलाला पुस्तक म्हणून काय मिळतं? एक तर दीनी रिसाला, नाही तर स्पर्धा परीक्षेचं गाईड. दोन्ही वाचावं, जरूर वाचावं. पण एक आखिरतसाठी आणि दुसरं नोकरीसाठी. मध्ये जे जगणं आहे त्याच्यासाठी कुणी काही सुचवत नाही. उर्दूचं प्रेम असलेली आमची मंडळी रोज सकाळी गालिबच्या नावाने शेर पाठवतात. त्यातले निम्मे गालिबचे नसतात. आणि या मंडळींच्या शिफारशीत मराठी पुस्तक? तौबा! ज्या भाषेत आपण बाजार करतो, कोर्टात अर्ज देतो, एसटीत भांडतो, शेजाऱ्याच्या मयतीला जाऊन दोन शब्द बोलतो, त्या भाषेतलं पुस्तक म्हणे ‘त्यांचं’.

कळंब तालुक्यातले भास्कर चंदनशिव, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा शाळेच्या पाठ्यपुस्तकातून महाराष्ट्रभर गेली. टोमॅटोला भाव मिळत नाही म्हणून शेतकरी बाप भर बाजारात आपलाच माल पायांखाली तुडवतो. ही कथा मी एकदा उर्दू शाळेतल्या मुलांना वाचून दाखवली. वर्गात बागवानांची पोरं होती, पहाटे बापाबरोबर मंडईत जाणारी. कथा संपल्यावर एक जण उठून म्हणाला, “सर, पण घेणाऱ्याचा भी माल सडतो ना? आमच्या अब्बांचा गेल्या साली सडला.” मग अर्धा तास वर्गात भावावर, दलालीवर, उधारीवर चर्चा झाली. त्या कथेला इतके जाणकार वाचक शहरातल्या कुठल्या साहित्यिक मंडळात मिळतील? पण या पोरांच्या हातात ‘लाल चिखल’ ठेवावी असं कुणाला सुचत नाही. मराठी मास्तरला वाटतं, ही उर्दूची मुलं. उर्दू मास्तरला वाटतं, हे मराठीचं पुस्तक. दोघांच्या वाटण्यात पोरगा बिनपुस्तकाचा मोठा होतो.

हदीसच्या इल्ममध्ये एक कडक नियम आहे. बिगरमुस्लिम वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एखादी गोष्ट सांगितली गेली की ती कुणी कुणाकडून ऐकली, त्याची अख्खी साखळी तपासली जाते. सांगणाऱ्याला रावी म्हणतात. रावी खरा आहे का, त्याची याददाश्त पक्की आहे का, त्याने स्वतः ऐकलं की नुसतं पुढे ढकललं, हे बघितल्याशिवाय रिवायत कबूल होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पुस्तकाची शिफारस हीसुद्धा रिवायत आहे. न वाचलेलं पुस्तक पुढे ढकलणारा कच्चा रावी आहे. मग ते पुस्तक पुरोगामी असो की दीनी, त्याने फरक पडत नाही. आणि वाचलेलं असूनही समोरच्याचं नाव बघून काही पुस्तकं दाबून ठेवणारा रावी त्याहून वाईट.

सतीश काळसेकरांना २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’साठी. एका कवीने आपण काय वाचलं, कुठून मिळवलं, कुणामुळे वाचलं हे जिव्हाळ्याने सांगितलेलं ते पुस्तक. सुचवणं हे किती गंभीर काम आहे, याची साक्ष मराठीत आहे. आपण त्याचं स्टेटस करून टाकलं.

कुणी म्हणेल, मास्तर, भिंत जुनी आहे, तुमच्या-आमच्याने काय हलणार? भिंत आहे, पण ओलांडणारेही होते, आणि ते इथलेच होते. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी घरातल्या पोरांवर ती लादली गेली, त्याचा राग खरा होता आणि रास्तही होता. तरी निलंग्यात १९१०मध्ये जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी काय केलं बघा. (निलंगा आज लातूरमध्ये आहे, पण १९८२मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता.) राजवटीचा राग त्यांनी भाषेवर काढला नाही. गालिब मराठी वाचकाच्या घरी नेला. सूफी संप्रदायावर मराठीत पुस्तक लिहिलं. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात माधव जूलियन यांनी १९२५मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध केला. यांनी फार्सी-उर्दू ‘कुणाची’ हे विचारत बसायचं ठरवलं असतं, तर मराठी वाचकाचंच नुकसान झालं असतं.

उलट बाजूनेही माणसं आली. यू. म. पठाण यांनी महानुभाव आणि संत साहित्याच्या अभ्यासात हयात घालवली आणि १९९०मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बार्शी इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घुमला. पनवेलचे सलाम बिन रज्जाक पेशाने शाळामास्तर. उर्दू कथेसाठी त्यांना २००४मध्ये साहित्य अकादमी मिळाली, आणि मराठी कथा त्यांनी उर्दूत नेल्या. आज पगडी मुसलमानांना माहीत नाहीत आणि सलाम बिन रज्जाक मराठी वाचकांना माहीत नाहीत. याला भिंत जबाबदार नाही. पुस्तक पुढे न देणारे आपले हात जबाबदार आहेत.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. काही मित्र म्हणतात, मुख्य प्रवाहाने आपल्याला जागा दिली नाही म्हणून तर वेगळी यादी, वेगळं संमेलन करावं लागलं. खरं आहे. १९९०मध्येच सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, ते गरज होती म्हणून. मराठी कथा-कादंबरीत मुसलमान एक तर मावळ्यांसमोरचा शत्रू, नाही तर ईदला शीरखुर्मा पाजणारा चाचा, एवढाच उरला असेल तर आपली माणसं आपल्यालाच लिहावी लागणार. वेगळं कपाट लागतं. पण कपाट पुस्तकं सापडावीत म्हणून असतं, कोंडून ठेवायला नसतं. मुस्लिम मराठी लेखकाचं पुस्तक फक्त मुसलमानांनी वाचायचं आणि बाकीच्यांनी ‘समाज समजून घेण्यासाठी’ चाळायचं, हे आपल्याला मंजूर आहे का? मला नाही.

आपल्या शहरातच २०२०च्या जानेवारीत ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू कसा, म्हणून काहींनी आक्षेप घेतला; आमच्यासारख्यांनी समर्थन केलं. छान वाद झाला. पण त्या वादात त्यांचं ‘ओअ‍ॅसिसच्या शोधात’ कुणी कुणाच्या हातात दिलं? विरोध नावाला होता आणि समर्थनही नावालाच होतं. वाचलेलं पुस्तक घेऊन भांडायला आलेला माणूस मला तरी त्या दिवसांत भेटला नाही.

ज्यांना काही करायचं होतं त्यांनी भाषणाऐवजी पुस्तकं हलवली. विनायक रानडे यांच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानकडून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वस्त्यांमध्ये पोचवल्या, परदेशातल्या मराठी घरांपर्यंत नेल्या. औरंगाबादेत रीड अँड लीड फाउंडेशनने २०२१पासून मोहल्ल्यांमध्ये बाल वाचनालयं उघडली, तीही एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने. मोठा निधी, मोठी इमारत यांची वाट कुणी बघितली नाही. पोराच्या पायांना चालत जाता येईल एवढ्या अंतरावर पुस्तक आणून ठेवलं, बस्स.

तेव्हा वाचणाऱ्या सगळ्या दोस्तांना माझं सांगणं आहे. मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा तर टाका, पण पुस्तक संपल्यावर टाका, आणि खाली दोन ओळी लिहा. एक, काय आवडलं. दुसरी, कुठं पटलं नाही. फोटो बघून कुणी मागितलं तर पुस्तक द्या. परत येणार नाही अशी भीती वाटत असेल तर वहीत नाव लिहा, पण द्या. मराठी मित्रांनो, पुढच्या वेळी मुसलमान सहकाऱ्याला पुस्तक द्याल तेव्हा ते इस्लामवरचं नसू दे. शेतीवरचं द्या, प्रेमावरचं द्या, भुताखेतांचं द्या. आणि दलवाई द्यायचेच असतील तर आधी ‘इंधन’ स्वतः वाचा. मोहल्ल्यातल्या भाई-बहनांनो, या महिन्यात एक मराठी कादंबरी घरात आणा, आणि ती वाचून झाली की शेजारच्या देशमुखांच्या सुनेला किंवा जाधवांच्या पोराला नेऊन द्या. सोबत सलाम बिन रज्जाक यांची एखादी कथा मराठीत तोंडी सांगा. आणि महिन्याभराने विचारा, वाचलं का? काय वाटलं? त्यांना पटलं नाही तर चहा मागवा आणि भांडा. पण दोघांनी वाचून भांडा.