गावचा क्लब म्हणजे नेमका कुणाचा क्लब?

मंडळी, आज राजकारण बाजूला ठेवू आणि फुटबॉलवर बोलू. ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही त्यांनीही वाचा. विषय चेंडूचा कमी आणि मालकीचा जास्त आहे.

स्वीडनच्या दक्षिण टोकाला, बाल्टिक समुद्राच्या काठावर म्येलबी नावाचं गाव आहे. लोकसंख्या दीड हजाराच्या आत. आपल्याकडे एवढ्या वस्तीला स्वतंत्र ग्रामपंचायत मिळताना मारामार होते. क्लबचं मैदान शेजारच्या हेलेविकमध्ये आहे, ते तर याहून छोटं, मच्छीमारांचं गाव. आजूबाजूला शेती आणि वराहपालन. या गावच्या क्लबने २० ऑक्टोबर २०२५ ला गोथेनबर्गच्या आयएफके संघाला त्यांच्याच मैदानावर २-० ने हरवलं आणि देशाचं विजेतेपद घेतलं. तालुक्याचं नव्हे, जिल्ह्याचं नव्हे, देशाचं! स्पर्धेतले तीन सामने शिल्लक असतानाच. हंगाम संपला तेव्हा हिशोब असा होता: ३० सामने, २३ विजय, ६ बरोबरी, १ पराभव, ७५ गुण. स्वीडनच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये एवढे गुण याआधी कुणीही मिळवले नव्हते.

समोर कोण होतं तेही बघा. राजधानी स्टॉकहोमचे मोठे क्लब होते, आणि होता मालमो. तीन लाखांहून जास्त वस्तीच्या शहरातला हा क्लब १९७९ मध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता आणि आदल्या दोन्ही वर्षांचं विजेतेपद त्याच्याकडेच होतं.

बातमी आली तशी आपल्याकडेही एक-दोन दिवस फिरली. ‘चमत्कार’, ‘परीकथा’ वगैरे. मला हा चमत्कार शब्द पटत नाही. चमत्कार म्हटलं की आपली सुटका होते. ते तिकडचं नशीब, आपण टाळ्या वाजवायच्या आणि पुढची रील बघायची. म्हणून या क्लबचा इतिहास जरा उलगडून बघितला पाहिजे.

क्लब स्थापन झाला १ एप्रिल १९३९ ला. कसा? शेजारच्या दोन छोट्या क्लबांनी एकत्र येऊन. आपल्याकडे एका मंडळाची दोन होतात, तिकडे दोनाचा एक झाला. सुरुवात तिथूनच वेगळी.

पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये पोचायला त्यांना १९८० साल उजाडलं. म्हणजे ४१ वर्षं. आणि पोचले तर त्याच वर्षी खाली आले. १९८३ ला पुन्हा वर, पुन्हा खाली. १९८५ ला तेच. त्यानंतर थेट २०१०. दोन पिढ्यांनी आपला संघ वर जाताना कमी आणि खाली येताना जास्त बघितला. तरी क्लब चालू होता, पोरं खेळत होती. मातियास आस्परसारखा गोलकीपर याच क्लबातून पुढे येऊन स्पेनच्या रेआल सोसिएदादपर्यंत गेला. ख्रिस्तियन विल्हेल्मसन इथूनच मोठा होऊन २००६ चा वर्ल्डकप खेळला.

खरी परीक्षा पुढेच होती. २०१४ ला क्लब पहिल्या दर्जातून घसरला, २०१५ ला दुसऱ्या दर्जातूनही. २०१६ मध्ये तिसऱ्या दर्जात तळाशी लोंबकळत होता आणि तिजोरीत खडखडाट. दिवाळखोरी आणि चौथा दर्जा दोन्ही दारात उभे. इथेच खेळ संपायचा. संपला नाही. खर्च आटोक्यात आणला, परवडतील तेच खेळाडू घेतले, गावकरी आणि स्थानिक व्यावसायिक पाठीशी राहिले. २०१८ ला संघ दुसऱ्या दर्जात आला, २०१९ ला ती लीग जिंकली आणि २०२० ला पहिल्या दर्जात परत आल्या आल्या पाचवा. २०२३ ला स्वीडिश कपच्या अंतिम सामन्यात हेकेनकडून हरले. मग आलं २०२५. मुख्य प्रशिक्षक कोण, तर आंदेर्स टोर्स्टेनसन, पूर्वी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या जोडीचे सहायक कार्ल मारियुस आक्सुम. खेळाडूची नजर मैदानावर काय काय टिपते, या विषयात त्यांनी डॉक्टरेट केली आहे. करोडोंचं नाव नाही, पण डोकं आहे. आणि ते डोकं चालवायला मुभा देणारं घर आहे.

आता माझा मुद्दा. २०१६ ला हा क्लब बंद का पडला नाही?

कारण तो बंद करायचा अधिकार कुणा एकाकडे नव्हता. स्वीडनमध्ये क्लब म्हणजे सभासदांची संघटना. वर्गणी भरा, सभासद व्हा, वार्षिक सभेला या, हात वर करा. १९९९ मध्ये तिथल्या क्लबांना कंपनी काढून भांडवल घ्यायची परवानगी मिळाली, पण अट एकच: निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या संघटनेकडेच राहिली पाहिजेत. पैसेवाला येऊ शकतो, मदत करू शकतो, अध्यक्षही होऊ शकतो. पण क्लब खिशात घालून जाऊ शकत नाही.

ही ताकद कागदावरची नाही. युरोपभर रेफ्रीच्या मदतीला व्हिडिओ तंत्रज्ञान आलं. स्वीडनमध्ये मात्र क्लबाक्लबांच्या सभांमध्ये सभासदांनी ‘नको’ असं ठरवलं आणि २०२४ मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेला ते मानावं लागलं. निर्णय बरोबर की चूक, यावर वाद घाला. पण तो वाद सामान्य सभासदाने जिंकला, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकच बाजू सांगतो. जर्मनीत होफेनहाइम नावाचं साधारण तीन हजार वस्तीचं गाव आहे. तिथला क्लब १८९९ चा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अगदी तालुका पातळीवर खेळायचा. तिथेच लहानपणी खेळलेले डीटमार होप पुढे एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक झाले आणि त्यांनी क्लबात पैसा ओतला. २००८ ला संघ जर्मनीच्या पहिल्या दर्जात, २००९ ला तीस हजारांचं स्टेडियम, २०१८ ला चॅम्पियन्स लीग. गावासाठी त्यांनी केलं ते खोटं नाही. पण इतर क्लबांच्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला: हा क्लब गावचा की एका माणसाचा? २०१५ मध्ये त्यांना मतांची बहुसंख्या मिळाली होती. २०२३ मध्ये त्यांनी ती स्वतःहून क्लबच्या सभासदांना परत केली. एवढा पैसा घालूनही प्रश्न शेवटी तिथेच आला. मत कुणाचं?

आता आपल्याकडे या.

मुंबईचा महिंद्रा युनायटेड आठवतो? देशाची लीग जिंकलेला संघ. २०१० मध्ये बंद केला. पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, तोही पुढच्याच वर्षी. २०१६ मध्ये गोव्यातून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. प्रत्येकाची कारणं वेगळी होती, काही रास्तही होती. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. ज्यांनी त्या संघासाठी घसे कोरडे केले, त्यांना मत नव्हतं. निर्णय बंद खोलीत झाला, प्रेक्षकांना पेपरात कळलं. आणि ज्या २०२५ मध्ये म्येलबी जिंकलं, त्याच वर्षी आपली इंडियन सुपर लीग एका कराराचं नूतनीकरण झालं नाही म्हणून लटकली. खेळाडू तयार, प्रेक्षक तयार, सही नाही!

काहीजण म्हणतील, स्वीडन श्रीमंत देश, आपली तुलना कशाला? मान्य, तिथे साधं मैदानसुद्धा आपल्या स्टेडियमपेक्षा बरं असतं. पण तो श्रीमंत देश मालमोचाही आहे आणि स्टॉकहोमचाही. त्यांना हरवून हे गाव पुढे गेलं ते पैशाच्या जोरावर नाही. दुसरा आक्षेप असा येईल की उद्या म्येलबी पुन्हा खाली घसरलं तर? घसरेल की. याआधीही घसरलंय. पण तेव्हाही क्लब असेल, हाच माझा मुद्दा आहे.

आणि ही कल्पना आपल्याला परकी आहे का? ज्या महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, त्या महाराष्ट्राला ‘एक सभासद, एक मत’ शिकवायची गरज नाही. पुढे अनेक ठिकाणी त्याचं काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. सभासद हजारो, पण सभा दहा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ करत गुंडाळलेली. म्हणजे नियम असून भागत नाही, सभेला जाऊन बसावं लागतं, प्रश्न विचारावा लागतो.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलची ईर्षा काय असते ते सांगायला नको. पेठापेठांच्या तालमी, शाहू स्टेडियमवरची गर्दी. २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. प्रेम कमी नाही, उलट लई आहे. पण आसपासच्या गावांतली मंडळं बघतो तेव्हा चित्र ठरलेलं असतं. निवडणूक जवळ आली की नवीन किट, मोठी बक्षिसं, फ्लेक्सवर चेंडूपेक्षा मोठा चेहरा. निकाल लागला की नेटसुद्धा फाटकी. पोरं विचारतात, ‘दादा, यंदा स्पर्धा हाय का?’ आणि दादाला साहेबांच्या फोनची वाट बघावी लागते. नेत्याने मदत करू नये असं मी म्हणत नाही. जरूर करावी. पण मदत वेगळी, मालकी वेगळी.

म्हणून तीनच गोष्टी सांगतो, आणि कुठल्याही गावाला त्या फुकटात जमतील. एक, मंडळाची सभासद वही करा, वर्गणी परवडेल एवढीच ठेवा आणि त्यात महिला व मुलींची नावं घ्या. दोन, वर्षातून एकदा देवळात नाहीतर शाळेच्या पटांगणात जमा-खर्च मोठ्याने वाचा, देणगीदाराच्या नावासकट. तीन, मैदान कुणाच्या नावावर आहे ते तलाठ्याकडे जाऊन बघा. खेळाचं मैदान सातबाऱ्यावर कधी बदललं हे गावाला सगळ्यात शेवटी कळतं.

एवढं केल्याने आपलं गाव देशाचं चॅम्पियन होणार नाही. पण साहेबांचा फोन आला नाही म्हणून स्पर्धा अडणार नाही. पुढच्या पिढीला निदान खेळायला क्लब असेल, आणि तो बंद करायचा की चालवायचा हे तीच पिढी ठरवेल.

तुमच्या गावच्या मंडळाची शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली, हिशोब कुणी वाचला? आठवत असेल तर खाली लिहा. आठवत नसेल तर ही पोस्ट मंडळाच्या ग्रुपवर टाका, आणि ती बघून पहिला कोण चिडतो तेवढं बघून ठेवा.