तिजोरीवर करसवलत, पण कुलूप लावणार कोण?

30 नोव्हेंबर 2021 रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, ऑक्सफर्ड गावातील शाळेत पंधरा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. चार विद्यार्थी मारले गेले. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी विकत घेतले होते. पुढे आई आणि वडील दोघांवरही खटले चालले आणि 2024 मध्ये दोघांना सदोष मनुष्यवधासाठी 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. वडिलांच्या खटल्यात सरकारी पक्षाने ज्युरीला एक साधी वस्तू दाखवली. पिस्तुलासोबत मिळालेले ते तारेचे कुलूप प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही काढलेले नव्हते.

लोकांनी बंदुका कुलपात ठेवाव्यात म्हणून तिजोरी आणि कुलपांवर करसवलत द्यावी, असा विचार अमेरिकेतील अनेक राज्यांत पुढे आला आहे. काही ठिकाणी तसे कायदेही झाले. या सवलतीचे मोल ठरवताना ते न उघडलेले कुलूप विसरून चालणार नाही.

प्रश्न किती मोठा आहे, हे आधी पाहू. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे मेली आणि त्यातील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नातून क्वचितच कुणी वाचते. टोकाची मनःस्थिती अनेकदा काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात बंदूक हाती लागली नाही, तर माणूस वाचू शकतो. मुलांचेही तसेच. शाळांवरील हल्ल्यांचा जो अभ्यास सीक्रेट सर्व्हिसने 2019 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बंदूक वापरणाऱ्या सुमारे तीन चतुर्थांश हल्लेखोरांनी ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातूनच मिळवली होती.

मग सरळ सक्ती का नाही? कारण वाट अवघड आहे. 2008 मध्ये ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनचा नियम रद्द केला. घरातली बंदूक सुटी करून किंवा कुलूपबंद ठेवलीच पाहिजे, असा तो नियम होता. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत सक्ती आजही आहे, पण अनेक राज्यांत सक्तीचा शब्द काढला की राजकारण पेटते. करसवलतीला कुणी फारसा विरोध करत नाही. म्हणूनच ती पुढे सरकते.

व्हर्जिनियाचे उदाहरण बोलके आहे. जानेवारी 2023 मध्ये तिथे सहा वर्षांच्या मुलाने आईचे पिस्तूल शाळेत नेऊन आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. त्याच वर्षी राज्याने तिजोरी किंवा पेटी विकत घेणाऱ्याला 300 डॉलरपर्यंतची रक्कम देय आयकरातून थेट वजा करण्याची मुभा दिली. मुले असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवणे बंधनकारक करणारे विधेयक मात्र त्या वर्षी पडले.

विक्रीकर माफ करण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच चांगली. मिशिगनचा विक्रीकर 6 टक्के आहे. तो माफ केला, तर हजार डॉलरच्या तिजोरीवर 60 डॉलर वाचतात. चाळीस डॉलरच्या छोट्या पेटीवर जेमतेम 2 डॉलर 40 सेंट. म्हणजे गरजू माणसाला नगण्य आणि ज्याला तिजोरी परवडतेच, त्याला भरघोस. व्हर्जिनियात चाळीस डॉलरची पेटी जवळजवळ फुकट पडते. पण तिथेही एक मेख आहे. ज्याचे उत्पन्न इतके कमी की आयकरच लागत नाही, त्याच्या हाती काहीच पडत नाही, कारण वजा करायला कर असावा लागतो.

खरी अडचण पैशांच्याही पलीकडची आहे. परवानाधारक दुकानदाराने प्रत्येक पिस्तुलासोबत कुलूप किंवा तत्सम साधन द्यावे, असा केंद्रीय कायदा अमेरिकेत 2005 पासून आहे. कुलूप घरात येते, पण लागत नाही. आपल्याकडेही नवी दुचाकी घेताना हेल्मेट द्यावे असा नियम आहे, आणि ते हेल्मेट आरशाला लटकवून फिरणारे महाभाग आपण रोज पाहतो. प्यू संशोधन केंद्राच्या 2023 मधील पाहणीत 72 टक्के बंदूकधारकांनी संरक्षण हे बंदूक ठेवण्याचे प्रमुख कारण सांगितले. रात्री चोर आला तर कुलूप उघडत बसू का, ही त्यांची भीती आहे. ती करात सूट देऊन जात नाही. पावती खरेदी सिद्ध करते, सवय नाही.

दोन राज्यांनी ही सवलत कशी वापरली, ते पाहू. मिशिगनने 2023 मध्ये दोन गोष्टी एकत्र केल्या. अल्पवयीन मुलांचा वावर असेल तिथे बंदूक कुलपात ठेवणे बंधनकारक केले. हलगर्जीमुळे मुलाच्या हातून कुणाचा जीव गेला, तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. सोबत 2024 अखेरपर्यंत सुरक्षा साधनांवरील विक्रीकर माफ केला. कर्तव्य आधी सांगितले, मग ते पार पाडायला हात दिला. टेनेसीत मार्च 2023 मध्ये नॅशव्हिलच्या शाळेत तीन मुले आणि तीन प्रौढ मारले गेले. हल्लेखोर 28 वर्षांची प्रौढ व्यक्ती होती आणि बंदुका कायदेशीर खरेदी केलेल्या होत्या. धोकादायक मनःस्थितीतील व्यक्तीकडून बंदूक तात्पुरती काढून घेण्याचा कायदा खुद्द राज्यपालांनी सुचवला होता. विधिमंडळाने तो केला नाही. विशेष अधिवेशनातून तिजोरीवरील करमाफी आणि मोफत कुलपे बाहेर आली. सवलत तीच, पण इथे ती उत्तर टाळण्याच्या कामी आली.

आमचे मत असे : करसवलत जरूर द्यावी, पण तीन अटींवर. कर न भरणाऱ्या गरिबालाही रक्कम रोख मिळावी. लहान, पटकन उघडणाऱ्या पेट्यांना प्राधान्य असावे, म्हणजे रात्रीच्या भीतीलाही उत्तर मिळेल. आणि मुलांच्या हाती बंदूक लागली तर मालक जबाबदार, हे कायद्याने स्पष्ट असावे. अशा कायद्यांमुळे मुला-तरुणांच्या आत्महत्या आणि अपघात घटतात, याला रँड संस्थेच्या आढाव्यात भक्कम पुरावा आढळला आहे. जोडीला विश्वासातल्या माणसाचा शब्द हवा. न्यू हॅम्पशायरमध्ये बंदूक विकणारे दुकानदारच आत्महत्या प्रतिबंधाच्या कामात उतरले. गिऱ्हाईक सरकारपेक्षा त्यांचे ऐकते.

आपल्यापैकी कुणाची खाला, कुणाचा चुलतभाऊ न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये असतो. त्यांची मुले शेजारच्या घरी खेळायला जातात. त्या घरात बंदूक आहे का, असल्यास कुलपात आहे का, हे विचारण्यात संकोच नको. पोहण्याच्या तलावाबद्दल विचारतो, तितक्याच सहजपणे विचारावे.

इथे राहणाऱ्यांसाठीही यात एक धडा आहे. सरकारने सवलत जाहीर केली की आपण टाळ्या वाजवतो. त्याऐवजी विचारावे : सवलतीबरोबर जबाबदारीही आली का, की जबाबदारी टाळण्यासाठीच सवलत आली?