मधल्या सुट्टीत काय घडलं?

दोस्तांनो, शाळा सुरू होऊन आता दोन-तीन आठवडे झाले. वह्या-पुस्तकांना कव्हरं घालून झाली, पावसाने दप्तराची एकदा परीक्षाही घेतली असेल. आता मला एक सांगा, तुमच्या वर्गात मधल्या सुट्टीत बाक वाजवणारा कोण आहे? प्रत्येक वर्गात असा एक जण असतोच. डबा खाऊन झाला की याची बोटं बाकावर सुरू! शेजारचा कंपासपेटी वाजवतो, तिसरा गायला लागतो आणि घंटा होऊन बाई वर्गात आल्या तरी या मंडळींना पत्ता नसतो. मग पुढे काय होतं ते मी सांगायला नको!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हा आठवडा. ५, ६ आणि ७ जुलै असे लागोपाठचे तीन दिवस. वर्षं वेगवेगळी आहेत, पण पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात या तिन्ही तारखांना मोठा मान आहे. आणि गंमत म्हणजे तिन्ही गोष्टींतलं खरं काम झालं ते मधल्या सुट्टीत!

५ जुलै १९५४ : जमेना, म्हणून जमलं

अमेरिकेतलं मेम्फिस शहर. तिथे सॅम फिलिप्स नावाच्या गृहस्थांचा 'सन' नावाचा एक छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. त्या संध्याकाळी तिथे गायला आला होता १९ वर्षांचा एल्व्हिस प्रेस्ली. दिवसा तो ट्रक चालवायचा. आदल्या वर्षी याच ठिकाणी सुमारे चार डॉलर मोजून त्याने स्वतःच्या आवाजाची एक तबकडी करून घेतली होती. तेव्हा काही कुणी त्याला डोक्यावर घेऊन नाचलं नव्हतं. पण आता बोलावणं आलं होतं. साथीला गिटारवर स्कॉटी मूर आणि भल्यामोठ्या उभ्या बासवर बिल ब्लॅक.

तिघांनी संथ, हळवी गाणी म्हणून पाहिली. एकही मनासारखं होईना. रात्र चढत चालली. शेवटी सगळे थोडा वेळ थांबले. आणि त्या विश्रांतीत एल्व्हिसने उगीच गंमत म्हणून गिटार उचलली आणि एक जुनं गाणं भरधाव वेगात म्हणायला सुरुवात केली, तीही उड्या मारत. बिललाही चेव आला, मग स्कॉटीनेही साथ धरली. आतून सॅमसाहेबांनी डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय चाललंय? तिघांनाही सांगता येईना! सॅमनी मात्र ओळखलं, की आपण शोधत होतो ते हेच. त्यांनी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं आणि ध्वनिमुद्रित केलं. गाण्याचं नाव 'दॅट्स ऑल राइट'. यात ढोल-ड्रम काही नाही बरं का, ताल आहे तो फक्त तारांचा!

थोड्याच दिवसांत गाणं मेम्फिसच्या रेडिओवर लागलं. फोनवर फोन यायला लागले. निवेदकाने तेच गाणं पुन्हा पुन्हा लावलं. आणि एल्व्हिस कुठे होता? घाबरून सिनेमाच्या थिएटरात जाऊन बसला होता! आईवडिलांनी त्याला तिथून शोधून आणलं.

पण एक गोष्ट विसरायची नाही. हे गाणं मुळात आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचं होतं. त्या काळात मेम्फिसमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळासुद्धा वेगळ्या होत्या. गोरा एल्व्हिस जगभर गाजला, पण क्रूडपला त्याच्या गाण्यांचे पैसे आयुष्यभर नीट मिळाले नाहीत. तबकडी ऐकताना आपण दोघांचंही नाव घ्यायचं.

६ जुलै १९५७ : आपल्यापेक्षा हुशार मित्र

आता इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात चला. तीन वर्षांत एल्व्हिसच्या तबकड्या इथल्या पोरांपर्यंत पोचल्या होत्या. शिवाय 'स्किफल' नावाच्या संगीताची साथच आली होती म्हणा ना! यात पैसे कमी आणि हौस फार. चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी बांधली की झाला बास. कपडे घासायची पन्हळी फळी बोटांत टोपणं घालून खरवडली की झाला ताल. १६ वर्षांच्या जॉन लेननने शाळेतल्या दोस्तांना जमवून असाच एक चमू काढला होता, 'क्वारीमेन'.

त्या शनिवारी वूल्टन भागातल्या सेंट पीटर्स चर्चची जत्रा होती. पोलिसांच्या कुत्र्यांच्या कसरतीही होत्या आणि जॉनच्या चमूचं गाणंही. जॉनला शब्द पाठ नसायचे. अडला की तो मनचेच शब्द घालून पुढे जायचा! हे सगळं ऐकत एक मुलगा उभा होता, १५ वर्षांचा पॉल मॅकार्टनी. दोघांच्या एका मित्राने त्याला मुद्दाम आणलं होतं.

दुपारचा कार्यक्रम संपला होता, रात्रीचा सुरू व्हायचा होता. म्हणजे पुन्हा मधली सुट्टीच! चर्चच्या सभागृहात ओळख झाली. पॉलने गिटार हातात घेतली. तो डावखुरा, त्यामुळे गिटार उलटी धरलेली. तशीच वाजवत त्याने एक अवघड गाणं सगळ्याच्या सगळ्या शब्दांसकट म्हणून दाखवलं. शिवाय त्याला गिटार सुरात लावताही येत होती. जॉनला तर आईने बँजोच्या पद्धतीनेच वाजवायला शिकवलं होतं.

आता खरी परीक्षा होती जॉनची. चमूचा पुढारी तो. या पोराला घेतलं तर चमू सुधारणार, पण आपला तोरा कमी होणार! हा विचार मनात आला होता, असं पुढे खुद्द जॉननेच सांगितलं आहे. तुम्ही काय केलं असतं? क्रिकेटच्या टीममध्ये आपल्यापेक्षा चांगला बॅट्समन घ्यायचा म्हटलं की पोटात कसं होतं, आठवून पाहा. जॉनने पॉलला घेतलं. त्या एका निर्णयातून पुढे 'बीटल्स' उभे राहिले.

७ जुलै १९४० : लांबच लांब सुट्टी

तिसरी तारीख वाढदिवसाची. याच लिव्हरपूलच्या डिंगल नावाच्या गरीब वस्तीत रिचर्ड स्टार्की जन्मला. महायुद्ध चालू होतं. तो लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई मिळेल ते काम करून घर चालवायची.

सातवा वाढदिवस तोंडावर आला आणि रिचीचं आंत्रपुच्छ फुटलं. तो कित्येक दिवस बेशुद्ध होता. बरा होत आला, तर शेजारच्या पलंगावरच्या मुलाला खेळण्यातली बस द्यायला वाकला आणि धाडकन खाली पडला. मुक्काम आणखी वाढला! असं जवळजवळ वर्ष रुग्णालयात गेलं. अभ्यास बुडाला, आठव्या वर्षीही त्याला धड वाचता येत नव्हतं. मग तेराव्या वर्षी क्षयरोग झाला आणि पुन्हा सुमारे दोन वर्षं आरोग्यधामात. इतर मुलं शाळा शिकत होती आणि याची मात्र मधली सुट्टी संपतच नव्हती.

पण तिथे आजारी मुलांचं मन रमावं म्हणून एक शिक्षिका वाद्यं घेऊन यायच्या. खुळखुळे, त्रिकोणी घंटा, छोटे ड्रम. रिचीचा हट्ट एकच, ड्रम मिळाला तरच वाजवीन! एरवी दोऱ्याचं रिकामं रीळ काठीसारखं हातात धरून तो पलंगाशेजारचं कपाट बडवत बसायचा. वयाच्या १५व्या वर्षी तो घरी आला, पण शाळा सुटली ती सुटलीच.

आईने दुसरं लग्न केलं होतं. सावत्र वडील हॅरी ग्रेव्हज यांनी पोराचं वेड ओळखलं. १९५७च्या नाताळात त्यांनी लंडनजवळच्या आपल्या गावात जुन्या ड्रमचा एक संच विकत घेतला आणि आगगाडीने लिव्हरपूलला आणला. हाच मुलगा पुढे 'रिंगो स्टार' झाला. ऑगस्ट १९६२मध्ये जॉन, पॉल आणि जॉर्ज हॅरिसन यांनी त्याला बीटल्समध्ये घेतलं. तो डावखुरा, पण ड्रम मांडायचा उजव्या माणसासारखे. त्यामुळे त्याचे हात अनपेक्षित वाटांनी फिरायचे आणि तीच त्याची खूण झाली. पोटाचं दुखणं मात्र पुरतं सरलं नाही. १९६८मध्ये बीटल्स हृषीकेशला आले तेव्हा रिंगोने जेवणाची धास्ती घेऊन बीन्सचे डबे बरोबर आणले होते! तरी वयाची ऐंशी ओलांडल्यावरही हा गडी ड्रमवर बसून कार्यक्रम करत राहिला.

म्हणून अभ्यास सोडून बाक बडवा, असं मी म्हणत नाही हं. पण एल्व्हिसला हवा होता तो सूर विश्रांतीत सापडला. जॉनला मित्र दोन कार्यक्रमांच्या मध्ये भेटला. आणि रिंगोला तर आजारपणात आयुष्यभराचं काम मिळालं. त्या त्या दिवशी मात्र कुणालाच कळलं नव्हतं, की आज काही मोठं घडतंय.

आणि आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. घरात कुणी ताट-वाटी वाजवत बसलं असेल, तर ओरडण्याआधी मिनिटभर ऐका. ठेका चुकत नसेल, तर हॅरी ग्रेव्हज आठवा!

बरंय तर, घंटा झाली. पुढच्या आठवड्यात भेटूच!