मुले कोणाच्या हवाली?

वार्षिक परीक्षा संपत आल्या की विजेच्या खांबांवर, सोसायट्यांच्या फाटकांवर आणि शाळांच्या कुंपणांवर एकाच छापाचे फलक झळकू लागतात. पांढरा गणवेश, काळा पट्टा, हवेत ताठ गेलेला पाय आणि खाली मोबाइल क्रमांक. कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, ‘खास मुलींसाठी स्वसंरक्षण’. पालक फोन करतात. वेळ कोणती, फी किती, गणवेश फीमध्येच की वेगळा, एवढे विचारून झाले की प्रवेश पक्का. शिकवणारा माणूस कोण, हा प्रश्न पडतो तो बहुधा दोन-तीन महिन्यांनी. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात कोणीतरी ‘त्या सरांबद्दल जरा वेगळंच ऐकलं’ असे लिहून जाते आणि लगेच दोन तट पडतात. एकाला सर देवमाणूस वाटतात, दुसऱ्याला म्हणे पहिल्यापासूनच संशय होता. गूगलवर पाहावे तर पाच-पाच तारे देऊन केलेले कौतुक एकाखाली एक, आणि मध्येच एक तारा देऊन ओकलेला राग. खरे काय, हे सांगू शकेल असे कोणीही नाही.

या राज्यात मुलांना लढण्याची कला शिकवणाऱ्या माणसाची पालकाने उघडून पाहावी अशी एकही जाहीर नोंदवही नाही. जिथे नोंद नसते तिथे कुजबूज राज्य करते. त्या कुजबुजीत खरा गुन्हेगार सहज लपतो आणि निरपराध माणूस सहज भरडला जातो. आज दोन्ही गोष्टींचा धोका सारखाच वाढला आहे, आणि ज्यांनी जागे व्हायचे ते निवांत आहेत.

वडापावची गाडी लावायची तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. सहा वर्षांच्या मुलाला लाथ मारायला, मान आवळायला आणि पडायला शिकवण्यासाठी मात्र कोणताही परवाना लागत नाही. खासगी शिकवण्यांच्या फसव्या जाहिरातींना लगाम घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली, पण ‘कोचिंग’च्या व्याख्येतून नृत्य-नाट्याबरोबर क्रीडाही वगळली. जेईईचा क्लास ‘शंभर टक्के यश’ असे लिहू लागला तर त्याला या तत्त्वांची भीती आहे. ‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट’ लिहिणाऱ्याला ती नाही.

पूर्वी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालमीत पोर घालायचे तर वस्ताद कोण हे घरच्यांना आधीच ठाऊक असे. वस्तादाने घडवलेले मल्ल जत्रेच्या फडात हजारोंच्या डोळ्यांदेखत लढत. तिथे बढाई पाच मिनिटेही टिकत नसे. लाठीकाठी आणि दांडपट्टा शिकवणाऱ्यांचेही तसेच. शिवाय तालीम पेठेच्या मध्यावर, दार उघडे, येणारा-जाणारा आत डोकावणार. (त्या काळी सारे सोवळे होते असे आमचे म्हणणे नाही. झाकलेल्या गोष्टी तेव्हाही असतील, आणि त्या झाकणारेही गावातलेच असतील.) आज क्लास भाड्याच्या हॉलमध्ये भरतो, सर दुसऱ्या उपनगरातून येतात, पालक फाटकावर मुलाला सोडून निघून जातात. फड गेला. त्याच्या जागी प्रमाणपत्र आले.

आणि त्या प्रमाणपत्राचे काय सांगावे! काळा पट्टा आणि डान या श्रेणींची पद्धत ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1880च्या दशकात जपानमध्ये सुरू केली; कराटेमध्ये ती गिचिन फुनाकोशी यांनी 1924 मध्ये आणली. पट्टा त्या-त्या गुरूने आपल्या शिष्याला दिलेली पावती होता. आजही तो तेवढाच आहे: ज्याने दिला त्याची पत तीच पट्ट्याची पत. तायक्वांदोत निदान सेऊलच्या कुक्कीवॉन या संस्थेचे डान प्रमाणपत्र क्रमांकावरून पडताळता येते. कराटेचा कारभार मात्र अनेक शैलींत आणि त्याहून अधिक संघटनांत विखुरलेला. 2020 साली तर भारतीय ऑलिंपिक संघटनेने देशातल्या तेव्हाच्या कराटे महासंघाची मान्यता काढून घेतली आणि जागतिक महासंघानेही त्याचे सदस्यत्व थांबवले. राष्ट्रीय पातळीवर ही अवस्था, तर गल्लीतल्या ‘आंतरराष्ट्रीय फेडरेशन’ने दिलेल्या सातव्या डानला आणि ‘ग्रँडमास्टर’ या उपाधीला पालकांनी कोणत्या तराजूत तोलायचे? त्यातच दर काही महिन्यांनी पट्टा परीक्षा आणि तिची वेगळी फी. नापास झालेले मूल कोणाच्या पाहण्यात आहे का?

कौशल्याचा हा फुगा कधीकधी उघड्यावर फुटतोही. 2017 साली चीनच्या चेंगडू शहरात शू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या लढवय्याने वेई लेई या थाय-ची गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवले आणि ती चित्रफीत जगभर पोहोचली. पुढे दुसऱ्या एका नामांकित गुरूची निंदा केली म्हणून तिथल्या न्यायालयाने याच शूला जाहीर माफी मागायला लावली, हाही त्याच गोष्टीचा भाग. पण ही सारी चर्चा हाणामारी येते की नाही एवढ्यापुरती. आमची चिंता त्यापलीकडची आहे. सरांना उत्तम काता (कराटेतल्या ठरावीक हालचालींचा क्रम) येतो, राज्य पातळीवर पदके आहेत, पट्टा अस्सल आहे, यातल्या एकाही गोष्टीवरून ते मुलांशी कसे वागतात हे कळत नाही. आणि पालक नेमकी इथेच गल्लत करतात.

ऑनलाइन टीका वाचतानाही हीच गल्लत होते. ‘राष्ट्रीय स्पर्धा म्हणून नेले आणि तिथे एकाच संस्थेची मुले होती’ ही तक्रार पैशांची आणि फसवणुकीची आहे. ती तारखेनिशी, पावतीनिशी तपासता येते. ‘यांना काही येत नाही’ हे बऱ्याचदा शेजारच्या क्लासचे मत असते. कराटेतल्या गटबाजीची ज्यांना कल्पना आहे त्यांना ते वेगळे सांगायला नको. पट्टे वाटल्याच्या दिवशी हॉलमध्येच मोबाइल काढून दिलेले पाच तारेही तितकेच पोकळ. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक 2022 मध्ये आणले खरे, पण ते ऐच्छिक आहे. त्यामुळे तारे मोजण्यापेक्षा, एकमेकांना न ओळखणारी माणसे वेगवेगळ्या वर्षी तीच एक गोष्ट सांगत आहेत का, हे पाहावे. आणि टीका झाल्यावर सरांनी काय केले, हे आवर्जून पाहावे. हिशेब दाखवला, की वकिलाची नोटीस पाठवली?

नोटिशीचा धाक खरा आहे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली आजही फौजदारी गुन्हा आहे. मात्र त्याच कलमात सार्वजनिक हितासाठी केलेल्या सत्य कथनाला आणि सद्भावनेने योग्य अधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीला अपवादाचे संरक्षण आहे, हे नोटीस पाठवणारे सांगत नाहीत. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली आणि त्या संतापातून सुरू झालेल्या लढाईत 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ रद्द केले. बोलण्याचा हक्क असा मिळवलेला आहे. पण खोटे नाव घेऊन, पुरावा न देता ‘माणूस बरा नाही’ एवढेच लिहून गायब होणे हे त्या हक्कात बसत नाही. तालुक्याच्या गावी स्वतःच्या पैशाने मॅट विकत घेऊन मुलींना शिकवणारी एखादी प्रशिक्षिका अशा एका ओळीने आयुष्यातून उठू शकते.

आता सर्वात गंभीर प्रकार. लढण्याच्या कलेच्या वर्गात स्पर्श हा शिकवणीचाच भाग असतो. पकड दाखवायची, पवित्रा दुरुस्त करायचा, ताणाचे व्यायाम करून घ्यायचे, तर शरीराला हात लागणारच. शिष्याने वाकून नमस्कार करायचा, उलट प्रश्न विचारायचा नाही, सर सांगतील ते निमूट सोसायचे, हीही तिथली शिस्तच. स्पर्धेसाठी परगावी मुक्काम, रात्रीचा रेल्वे प्रवास, एका खोलीत दहा मुले. शंभरातल्या नव्वद ठिकाणी यात काहीही वावगे घडत नसेल. तरी वावगे करू पाहणाऱ्याला याहून सोयीची जागा कोणती? मुलाला मुळात कळतच नाही की हा स्पर्श धड्यातला नव्हता. कळले तरी ज्या सरांचे घरात रोज कौतुक चालते त्यांच्याविरुद्ध ते बोलणार कसे? ब्रिटनने 2022 साली ‘विश्वासाच्या पदावरील’ व्यक्तींसाठीचा कायदा क्रीडा प्रशिक्षकांपर्यंत वाढवला, तो हेच ओळखून. अमेरिकेत ‘सेफस्पोर्ट’ केंद्राने कारवाई केलेल्या प्रशिक्षकांची नावे कोणीही शोधून पाहू शकतो. आपल्याकडे अशा माणसाने एक जिल्हा सोडला की दुसऱ्या जिल्ह्यात तो नवा कोरा ‘मास्टर’ होऊ शकतो.

म्हणून अशा संशयाची जागा व्हॉट्सअॅप गट नाही, पोलीस ठाणे आहे. पोक्सो कायदा 2012चा. त्याच्या कलम 19 नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळलेल्या किंवा तो होण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला त्याच कलमात संरक्षण आहे. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला कलम 22 खाली शिक्षा आहे, मुलाला नाही. पीडित मुलाची ओळख प्रसिद्ध करणे कलम 23 खाली गुन्हा आहे, आणि गटात फिरवलेल्या ‘सावध राहा’ संदेशात नेमकी ती ओळख वर्ग, गल्ली, आईचे नाव अशा खुणांनी उघडी पडते. बालकांसाठीचा 1098 हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. हे सगळे असताना आपण पुढे पाठवण्याचे बटण दाबून कर्तव्य केल्याचे समाधान मिळवतो. मूल तिथेच राहते, आणि सरांना मात्र वेळेवर सुगावा लागतो.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. केले ते कागदावर ठेवले. मार्च 2020 मध्ये लागू झालेल्या पोक्सो नियमांतील तिसरा नियम स्पष्ट आहे. मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे, आणि त्या नियमात ‘क्रीडा अकादमी’ हे शब्द नावानिशी आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतील बाललैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर राज्याने शाळांसाठी घाईघाईने शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी. पण संध्याकाळी सहा वाजता त्याच शाळेच्या सभागृहात भाड्याने शिकवायला येणारा माणूस शाळेचा कर्मचारी नसतो. शाळा म्हणते, आम्ही फक्त जागा दिली. संघटना म्हणते, हा क्लास आमच्याशी संलग्न नाही. समग्र शिक्षा अभियानातून मुलींच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणासाठी सरकारी शाळांत बाहेरून प्रशिक्षक बोलावले जातात. त्यांची पडताळणी कोणी केली, हे किती मुख्याध्यापक कागद काढून दाखवू शकतील? 2025च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे, ती चांगलीच आहे. तिचा रोख महासंघांवर आहे. सोसायटीच्या क्लब हाउसपर्यंत ती पोहोचायला किती वर्षे लागतील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

तोवर थांबण्याची गरज नाही, कारण नवा कायदा लागतच नाही. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाने जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत अठरा वर्षांखालील मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाची नोंद सुरू करावी: नाव, कोणत्या संस्थेचा पट्टा, प्रमाणपत्र क्रमांक, चारित्र्य पडताळणीची तारीख. ही यादी पालकांना पाहता आली पाहिजे. नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी खेळाडूंची प्रमाणपत्रे विभागीय उपसंचालक पडताळतातच. मग त्या खेळाडूंना घडवणाऱ्यांची प्रमाणपत्रे पडताळायला कसली अडचण? महापालिकांनी आणि शाळांनी भाडेकरारात एकच अट घालावी, पडताळणी नसेल तर सभागृह नाही. महाराष्ट्र पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ज्यांचे हात स्वच्छ आहेत अशा प्रशिक्षकांनी तर सरकारची वाट न पाहता ते प्रमाणपत्र काढून हॉलच्या दारावर लावावे. अफवेला याहून चोख उत्तर नाही.

आणि पालकांना सांगणे एवढेच. या सुट्टीत पहिली फी भरण्याआधी पडताळणीचा कागद मागा आणि एक पूर्ण तास वर्गात बसून पाहा. क्लास सोडून गेलेल्या दोन-तीन मुलांच्या घरी फोन करून का सोडला ते विचारा. पालकांना आत बसू न देणाऱ्या क्लासमध्ये, सर कितव्या डानचे का असेनात, मुलाला पाठवू नका.